पाटीवर फक्त आकडा आहे, नावं कुठायत? पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या गावच्या माणसांची नावं शोधायला मदत हवीय

येरळाकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. जरा लांब लिहितोय, पण ज्यांच्या गावात अशी पाटी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून जवळच. जुन्या चावडीच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी पाटी होती, हातभर उंच, दीड हात रुंद, अक्षरांत भरलेला काळा रंग आता निम्मा उडालाय. त्यावर इंग्रजीत कोरलंय की या गावातून ३८ माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेली आणि त्यातल्या ६ जणांनी प्राण दिले. संपलं. कुणाचंच नाव नाही. असल्या पाट्या सरकारने तेव्हा गावोगाव लावल्या, वाक्य तेच, गावागणिक आकडे फक्त वेगळे.

चावडी पाडून नवीन ग्रामपंचायत बांधली तेव्हा पाटी काही महिने सिमेंटच्या पोत्यांमागं पडून होती, एक कोपरा उडाला. आता ती दर्शनी भिंतीत बसवायचीय. मी ग्रामसभेत म्हणलं की नुसती पाटी नको, शेजारी मराठीत दुसरा दगड लावू, त्या सहा जणांच्या नावाचा. सगळ्यांनी माना डोलावल्या, सरपंचताई म्हणाल्या दगडाचा खर्च पंचायत करील, तुम्ही नावं आणा. आणि तिथंच घोडं अडलंय.

सहापैकी दोन नावं माहीत आहेत. एक आमच्याच भावकीतलं, माझ्या पणजोबांचे चुलतभाऊ. दुसरं खालच्या आळीतलं, त्यांच्या देव्हाऱ्यात अजून मेडल आहे. बाकी चौघांचं विचारलं की म्हातारी माणसं "बसऱ्याला (इराकमधल्या बसरा बंदराला) गेला तो गेलाच" एवढंच सांगतात. ज्यांनी त्या विधवांना डोळ्यांनी बघितलंय ती माणसं आज ऐंशी-पंच्याऐंशीची आहेत, अजून दहा वर्षांनी विचारायला सुद्धा कोणी राहणार नाही.

माणूस इथनं उठून समुद्र ओलांडून जातो, परक्या वाळवंटात मरतो, आणि त्याच्या स्वतःच्या गावाला तो फक्त "सहातला एक" म्हणून माहीत. हे मला फार लागतंय. कुठं शोधायचं, कागद कुठं मिळतात, कुणी असं काम केलंय का, सांगा.

प्रतिसाद – सुभेदारांची नात

दादा, फार चांगलं काम हातात घेतलंय तुम्ही. माझं माहेर सातारा तालुक्यातलं. आमच्याकडे असं काही निघालं की पहिलं नाव येतं अपशिंग्याचं. अपशिंगे मिलिटरी, एसटीच्या बोर्डावर सुद्धा तसंच लिहितात. त्या एका गावातल्या ४६ जवानांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले, त्यांचं स्मारक गावात आहे आणि आजही क्वचितच एखादं घर असेल ज्यातलं कोणी फौजेत नाही. आमचे आजोबा (दुसऱ्या महायुद्धातले, सुभेदार होऊन आले) त्या गावाचं नाव निघालं की आधी हात जोडायचे.

पण मला एक सांगायचंय, अपशिंग्याचं कौतुक होतं ते योग्यच आहे, पण त्यामुळे बाकीची गावं आपोआप विसरली जातात. पंधरा ऑगस्टला सगळे मोबाईल घेऊन तिकडे. आणि ज्या गावातून पाच गेले, सहा गेले, त्यांची पाटी कोपऱ्यात. सहा घरांसाठी ते सहाच सगळं जग होतं ना. तुम्ही नावं शोधाच.

प्रतिसाद – जुनी कागदं

मी या विषयात बऱ्यापैकी डोकं घातलंय म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात करा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या समाध्या आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या वेबसाईटवरून. दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांच्या नोंदी तिथं फुकट शोधता येतात. पहिल्या युद्धासाठी ते ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतात, दुसऱ्यासाठी सप्टेंबर १९३९ ते डिसेंबर १९४७. हे लक्षात ठेवा, कारण आपले बरेच लोक युद्ध संपल्यावरही इराकमध्येच अडकून होते आणि तापाने १९१९-२० मध्ये गेले, तेही त्यात असतात. बऱ्याच नोंदींत नाव, नंबर, हुद्दा, पलटण, तारीख आणि पुढे "अमक्याचा मुलगा, अमकं गाव, तालुका, जिल्हा" असं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं गाव सांगली जिल्ह्यात आहे म्हणून सांगली टाकून शोधाल तर काही मिळणार नाही. सांगली जिल्हाच तेव्हा नव्हता. खानापूर, तासगाव, वाळवा, शिराळा हे सगळं सातारा जिल्ह्यात होतं, १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं होती, त्या भागातल्या माणसांपुढे संस्थानाचं नाव असतं. त्यामुळे जिल्हा सातारा धरा. औंध संस्थानाची गावं तर सगळीकडे विखुरलेली, आटपाडी सुद्धा औंधाकडे होतं, तिकडच्यांनी ते धरून चाला.

दुसरं, स्पेलिंग. गोऱ्या कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं. पवारचं पोवार, जाधवचं जाधाव, गावाचं नाव तर ओळखूच येत नाही. म्हणून नाव टाकून शोधू नका, पलटण आणि जिल्हा टाकून सगळी यादी काढा आणि मग एकेक नोंद मोठ्याने वाचत बसा. मोठ्याने वाचल्यावर कळतं की अरे हे तर आपलंच गाव.

प्रतिसाद – येरळाकाठ

जुनी कागदं, तुमचे पाय धरले पाहिजेत. मी सांगली टाकूनच शोधत होतो इतके दिवस. आज रात्री बसतो. पलटण कोणती धरू पण? आमच्या भावकीतल्या माणसाची पलटण कुणाला माहीत नाही.

प्रतिसाद – निवृत्त हवालदार, बेळगाव सेंटर

जय हिंद. पलटणींचं मी सांगतो.

पहिल्या महायुद्धात आजच्यासारखे आकडे नव्हते. आपली माणसं मुख्यतः १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणींत असायची. १९२२ ला फौजेची फेरमांडणी झाली, तेव्हा १०३ ची पहिली बटालियन झाली, तीच आमची जंगी पलटण. १०५ ची दुसरी, तिला काली पाचवी म्हणतात. ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. ११४ बेळगावला ट्रेनिंग बटालियन झाली. म्हणजे घरचे म्हणत असतील "जंगी पलटणीत होता" तर १९१४-१८ साठी १०३ शोधायचं. "मराठा" चं स्पेलिंग तेव्हा मध्ये एक जादा एच घालून करायचे, नुसतं आजचं टाकलं तर सापडत नाही.

आता बसऱ्याचं. तुमचे सहा जण बहुतेक मेसोपोटेमियात गेले असणार, आजचा इराक. पुण्याची सहावी डिव्हिजन तिकडं उतरली, त्यात १०३, ११० आणि ११७ तिन्ही मराठा पलटणी होत्या. टायग्रिस नदीच्या कडेकडेनं वर सरकत बगदादच्या तोंडाशी गेले, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला मोठी लढाई झाली, तिथं एवढी माणसं पडली की मागं फिरावं लागलं. मागं येऊन कुत-अल-अमारा या गावात थांबले आणि तुर्कांनी वेढा घातला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. जवळजवळ पाच महिने. सोडवायला बाहेरून जी फौज येत होती तिचीच २३,००० च्या आसपास माणसं मेली नाहीतर जायबंदी झाली, पण कुतपर्यंत पोचता आलं नाही. आत धान्य संपलं. घोडी, खेचरं कापायला लागले. आपल्या पोरांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला, घरी कळलं तर वाळीत टाकतील ही भीती, शेवटी शेवटी खाल्लं काहींनी, काहींनी नाहीच. रोज थोडं जवाचं पीठ. दात हलायला लागले, हिरड्या सुजल्या. मग शरणागती. १३,००० च्या आसपास माणूस कैदेत गेला. जनरल टाऊनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवला आणि शिपायाला उन्हात वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनपर्यंत नेला, रेल्वेच्या कामावर. किती वाटेत पडले त्याची गणती नाही.

फौजेत माझी नोकरी झाली, लढाई बघितली. तरी हे वाचलं की मला झोप येत नाही.

प्रतिसाद – माणदेशी

हवालदार साहेब, सलाम तुम्हाला.

मी दहिवडीकडचा. लोक म्हणतात शौर्यासाठी गेले, परंपरा वगैरे. आसंल. पण आमच्याकडं खरं कारण पोट. माण-खटाव म्हणजे कायम दुष्काळ, १८९६-९७ चा दुष्काळ बघितलेली पिढी, वर प्लेग. जमीन हाय पण पाऊस न्हाई. शिपायाला महिन्याला ११ रुपये रोख, कपडा, जेवण. त्या काळात आमच्या भागात ११ रुपये रोख बघायला मिळत न्हवतं कुणाला. एक भाऊ मुंबईला गिरणीत, एक भाऊ पलटणीत आन एक हितं बैलांमागं, आशी घरं होती. माझा पणजा आन त्याचा थोरला भाऊ दोघं उभे राहिले भरतीला, पणजाची छाती भरली न्हाई म्हणून मागं पाठवला, थोरला गेला. तो आलाच न्हाई. म्हणून आम्ही हाय, न्हाईतर आमचा वंश तिकडचा.

आन वाईट ह्याचं वाटतं की ज्याच्या पाठीमागं घरच्यांनी जगावं म्हणून तो गेला, ती घरची १९१८ ला इन्फ्लुएन्झात गेली. आमच्यात थोरल्याची बायको आन पोरगी दोघी एका आठवड्यात गेल्या. म्हणजे त्याची आठवण काढायला त्याचं स्वतःचं कुणी उरलंच न्हाई. येरळाकाठ दादा, तुमची जी चार नावं सापडंनात त्याचं कारण हेच असंल बघा. घरच संपलं आसंल.

प्रतिसाद – वाळवा

मी स्पष्ट बोलतो, कुणाला राग आला तर येऊ दे. ही माणसं इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढली. आमच्या वाळव्यात आम्ही क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव घेतो, त्यांच्या पत्री सरकारचं, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारचं नाव घेतो. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला मोर्चावर गोळ्या घातल्या, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला. ती आमची माणसं देशासाठी मेली. त्यांच्याशेजारी इंग्रजांच्या पगारी शिपायांचा दगड लावायचा? इराकी माणसाने आपलं काय वाकडं केलं होतं? मला त्या शिपायांबद्दल आकस नाही, पण स्मारक म्हणजे आदर्श. पोरांना काय सांगणार?

प्रतिसाद – कराडची लेक

वाळवा दादा, तुमच्या रागाचा मान ठेवून बोलते, कारण मी त्याच दोन्ही घरातली आहे.

माझ्या आईचे आजोबा कुंडलच्या बाजूचे. ते पत्री सरकारच्या तुफान सेनेत. ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली त्यानंतर ते महिनोन्महिने उसाच्या फडात, ओढ्यात, या वस्तीवरून त्या वस्तीवर. आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ त्याच वेळी मराठा पलटणीत, इटलीत. त्याची मनीऑर्डर यायची त्यावर घर चालायचं आणि त्याच घरातून रात्री भाकरीचं गाठोडं फडात जायचं. घरातल्या बाईने कुठला मुलगा देशाचा आणि कुठला सरकारचा असं वेगळं काढायचं? थोरला परत आला, ताम्रपट मिळाला, शाळेत सत्कार झाला. धाकटा आला नाही. त्याचा फोटो सुद्धा लावला नाही कोणी बाहेरच्या खोलीत, कारण लोक काय म्हणतील. आतल्या खोलीत होता, धान्याच्या कणगीवर.

मी कुणाचा आदर्श करा म्हणत नाही. इंग्रजांचा विजय साजरा करायला कोणी सांगितलंय? तो आपला माणूस होता, आपल्या गावच्या मातीतला होता, त्याला मरण कुठे आणि कसं आलं एवढं तरी त्याच्या गावाने लिहून ठेवावं.

प्रतिसाद – वाळवा

ताई, फोटोचं वाचून गप्प झालो. माझं साम्राज्याबद्दलचं मत तेच राहील. पण नाव लिहायला माझा विरोध नाही. दगडावर "साम्राज्यासाठी वीरगती" असलं काही कोरू नका एवढंच म्हणणं आहे. कुठे गेला, कुठे वारला, बास.

प्रतिसाद – येरळाकाठ

हे मला पटलं. तसंच करू. विशेषणं नकोत.

प्रतिसाद – कोरेगावकर

मीही एक मुद्दा मांडतो, तो सोडून पुढे जाऊ नका. तुमच्या ३८ मध्ये महारवाड्यातली माणसं किती होती हे बघितलंत का? १८९० नंतर महारांची भरती बंद केली होती सरकारने, ज्या समाजाच्या पिढ्या कंपनीच्या फौजेत गेल्या त्यांना दार बंद. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार, निवृत्तीनंतर साताऱ्यात राहिले, बाबासाहेबांचं सुरुवातीचं शिक्षण साताऱ्यात झालं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या भरतीबंदीने हजारो घरांची भाकर गेली ते कोणी सांगत नाही. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा पुन्हा आठवण झाली, १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडली. मग थेट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

आणि पलटणीत न घेतलेले लोक फॉलोअर म्हणून गेले. खेचरवाले, भिस्ती, डोलीवाले, सफाईवाले, मजूर. यांनी बंदूक धरली नाही पण मेले तितकेच, कॉलऱ्याने, उन्हाने, गोळीनेही. युद्धानंतर शिपायाला जे चांदीचं मेडल दिलं तेच यांच्यातल्या बहुतेकांना काशाचं दिलं. मेडल सुद्धा धातू बदलून.

पाटीवरचा आकडा भरताना पाटलाने कुणाला मोजलं, कुणाला नाही, काय सांगावं. तेव्हा शोधताना फक्त मराठा पलटणी बघू नका. लेबर कोअर, पोर्टर कोअर, ट्रान्सपोर्ट, मेडिकल सगळं बघा. आणि गावात विचारताना फक्त वरच्या आळीत विचारू नका. रामोशी, मांग, धनगर, मुसलमान सगळ्या वस्त्यांत जाऊन बसा.

प्रतिसाद – येरळाकाठ

कोरेगावकर, खरंय तुमचं. आत्तापर्यंत भावकी आणि खालची आळी एवढंच विचारून झालंय. या रविवारी बुद्धविहारात बसतो, मग मशिदीजवळ. धन्यवाद, मनापासून.

प्रतिसाद – सुभेदारांची नात

मेडलवरून आठवलं. दादा, देव्हाऱ्यातलं मेडल म्हणालात ना, ते हातात घ्या आणि कड बघा. वरची बाजू नाही, रुपयाला जशी कड असते ती कड. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं असतं. चिंचेने घासू नका, अक्षरं झिजतात. तिरपा उजेड पाडून मोबाईलने फोटो काढा, नीट वाचता येतं. आमच्याकडे हळदीकुंकवाचे थर बसले होते कडेवर, गरम पाण्यात भिजवून ओल्या फडक्याने टिपले तेव्हा वाचता आलं.

आणि जे मेले त्यांच्या घरी आणखी एक वस्तू यायची. काशाची गोल थाळी, बारा सेंटिमीटर, त्यावर ब्रिटानिया बाई, पुढे सिंह, आणि एका चौकोनात फक्त नाव, हुद्दा नाही. साहेब असो की शिपाई, नाव सारखंच. ती थाळी बघितलेली म्हातारी माणसं सापडतील तुम्हाला, थाळी सापडणं अवघड. मोडीत गेल्या सगळ्या. चांदीची मेडलं तर लग्नात पैंजणात गेली. गरिबी होती, कुणाला दोष देणार. पण घरोघर विचारा, "सिंहाचं चित्र असलेली जड गोल चकती" म्हणून विचारा, माळ्यावर निघते कधीकधी.

प्रतिसाद – जावळीकर

एक प्रश्न. दिल्लीच्या इंडिया गेटवर यांची नावं असतीलच ना? तिथून यादी मिळणार नाही का?

प्रतिसाद – जुनी कागदं

इंडिया गेट ७०,००० पेक्षा जास्त भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ आहे, पण भिंतीवर नावं १३,००० च्या वरच आहेत, सगळ्यांची नाहीत. मेसोपोटेमियात मेलेले आणि ज्यांची समाधी नाही ते बसरा मेमोरियलवर. ४०,००० च्या वर माणसं आहेत तिथं. आणि आता जे सांगतो ते वाचून चीड येईल. त्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार फक्त आकडे. अमुक पलटण आणि इतके इतर सैनिक. म्हणजे येरळाकाठ दादांच्या गावातही आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच. २०२१ मध्ये त्या वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच चौकशी अहवाल काढून हा भेदभाव होता हे कबूल केलं, माफी मागितली, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीही तिथल्या संसदेत मागितली. ते स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर बसऱ्यापासून ३२ किलोमीटरवर वाळवंटात नेलंय, त्यामुळे कोणी जाऊन दिवा लावावा असंही नाही.

नावं कागदावर मात्र आहेत, वेबसाईटवर दिसतात ती तीच. दगडावर नाहीत. म्हणून मला तुमच्या गावचा दगड इतका महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद – कराडची लेक

इटलीच्या लोकांचं एक सांगू का. नाईक यशवंत घाडगे, रायगडातल्या माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात लढताना गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. माणगावला त्यांचा पुतळा आहे. आणि तिकडे मोंटोने नावाच्या छोट्या गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारक उभं केलं, सूर्यघड्याळाचं. परक्या गावाने ऐंशी वर्षांनी आठवण ठेवली. आपल्याला आपल्या गावात सहा नावं कोरता येणार नाहीत असं होऊच शकत नाही.

प्रतिसाद – मोडीवाचक

उशिरा आलो धाग्यावर. मी मोडी वाचतो, कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हापासून तहसीलच्या रेकॉर्डरूममध्येच मुक्काम असल्यासारखा आहे. तुमच्या कामासाठी इकडे भरपूर आहे.

कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, बाहेर मेलेल्याची नोंद बहुतेक नसते, तिथे वेळ घालवू नका. फेरफार बघा. माणूस तिकडे मेला की जमिनीवर वारस लावावा लागायचा, आणि तिथे तलाठ्याने कारण लिहिलेलं असतं. १९१६ ते १९२२ ची फेरफार पुस्तकं काढा, मोडीत असतील, काळजी करू नका. "लढाईवर मयत", "पलटणीत असता मयत" असे शब्द शोधायचे. ज्यांना जमीनच नव्हती त्यांचं तिथे सापडणार नाही, त्यांच्यासाठी कोरेगावकर म्हणतात तसं वस्तीत बसणं आणि वेबसाईट.

दुसरं, हेळवी, म्हणजे वंशावळी सांगणारा, येतो का अजून तुमच्याकडे? सुगी झाली की बैल घेऊन यायचे, दारात बसून पिढ्या वाचायचे. त्याच्या वहीत तुमच्या भावकीतला निःसंतान गेलेला माणूस सुद्धा असतो, जो तुमच्या वंशावळीच्या तक्त्यात नसतो. माझ्या बघण्यात अशी नावं हेळव्यानेच दिलेली आहेत. धान्य द्या, मान द्या आणि शांतपणे ऐका, मध्ये बोलू नका.

फेरफारची पानं स्कॅन करून पाठवा, मी वाचून देतो. पैसे वगैरे काढू नका.

प्रतिसाद – येरळाकाठ

मंडळी, खबर देतो. मधे बरेच दिवस गेले, पण काम झालंय.

सहापैकी पाच सापडले.

मेडलची कड वाचली, खालच्या आळीतला माणूस ११० पलटणीचा निघाला. म्हणजे कुतचा. वेबसाईटवर तारीख मिळाली, सप्टेंबर १९१६, म्हणजे शरणागतीनंतर, कैदेत. त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, आज घरात जे आजोबा आहेत ते त्या माणसाच्या भावाचे नातू. हवालदार साहेबांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, आमची थोरली आई घोड्यावर बसलेला नवरदेव बघायची नाही, उठून आत जायची, का ते आम्हाला कधी कळलं नाही. तिला कुतचं कुणी परत आलेल्याने सांगितलं असणार बहुतेक. मला पुढे वाचवेना.

आमच्या भावकीतले १०५ चे. तिसरं आणि चौथं नाव फेरफारात मिळालं, मोडीवाचक काकांनी वाचून दिलं. एका पानावर असं आहे की सदर इसम लढाईवर असता बसरे मुक्कामी मयत, वारस बायको, मूल नाही. खाली त्या बाईचा अंगठा. पुढच्या पानावर त्याच जमिनीवर दिराचं नाव लागलंय आणि तिचा उल्लेख संपलाय. ती बाई कुठं गेली कुणाला माहीत नाही.

पाचवं नाव बुद्धविहारात मिळालं. एका आजींनी लगेच सांगितलं, मला एवढी वर्षं कोणी विचारलंच नाही म्हणाल्या. त्यांच्या सासऱ्याचे वडील, खेचरांच्या तांड्यावर होते, वेबसाईटवर ड्रायव्हर म्हणून नोंद आहे, गावाचं नाव इतकं बिघडलेलं की मी तीनदा वरून खाली गेलो असेन. मोठ्याने वाचलं आणि लागलं.

सहावा नाही मिळाला. हेळवी आला नाही यंदा, त्याचा मुलगा म्हणे पुण्यात कामाला लागला, पण वह्या घरी आहेत. कर्नाटकात त्यांचं गाव आहे, तिकडे जाणार आहे.

दगड मात्र आता थांबवत नाही. पाथरवटाला मी सांगितलंय की सहा ओळींची जागा धर, पाच कोर, सहावी ओळ रिकामी ठेव. त्याचा प्रश्न आहे की आधी हुद्दा की आधी नाव, आणि क्रम कसा लावायचा. सांगा लवकर, काळा दगड आहे, एकदा छिन्नी लागली की बदलता येणार नाही.

प्रतिसाद – निवृत्त हवालदार, बेळगाव सेंटर

क्रम मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावा. हुद्द्याप्रमाणे नको. पलटणीचा नंबर नावानंतर, आजचा नाही, तेव्हाचा.

प्रतिसाद – कोरेगावकर

हवालदार साहेबांशी सहमत. आणि खेचरांच्या तांड्यावरच्या माणसाला वेगळ्या रकान्यात घालू नका. त्याच ओळींत, त्याच आकाराच्या अक्षरांत.

प्रतिसाद – वाळवा

वारल्याचं ठिकाण नक्की घाला. कैदेत गेला तर कैदेत असंच लिहा. आणि उद्घाटनाला मला कळवा, मी येणार आहे.

प्रतिसाद – सुभेदारांची नात

नाव घरात म्हणायचे तसं मराठीत, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. वेबसाईटवरचं बिघडलेलं स्पेलिंग कुठेही नको. ज्यांच्या बायकोचं नाव फेरफारात मिळालंय त्यांचं तेही एखाद्या कागदावर लिहून ग्रामपंचायतीत ठेवा दादा, दगडावर जागा नसली तरी. पाथरवटाला देण्याआधी मजकूर मला पाठवा, ऱ्हस्व-दीर्घ तपासून त्याच दिवशी परत करते.

प्रतिसाद – माणदेशी

आमच्याकडं पण पाटी हाय, शाळेच्या मागं, बाभळीत. बघून आलो आज. १४ गेले, ३ मेले. मोडीवाचक काका, आमच्या गावची फेरफार पुस्तकं दहिवडीला तहसीलला आसतील का, का साताऱ्याला जावं लागंल? सोमवारी सुट्टी काढलीय मी.